एकट्याने चालवायचा कॉम्प्युटर देखभालीचा धंदा : दर, करार, बॅकअप आणि वसुली

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात नोकरी सोडून एकट्याने कॉम्प्युटर सल्ला आणि देखभालीचं काम सुरू करायचं आहे. हाताशी दोन सीए ऑफिसं, मिरजेतला एक दवाखाना, मार्केट यार्डातला एक हळदीचा अडत्या आणि कुपवाड एमआयडीसीतला एक छोटा कारखाना आहे. एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) किती लावावी, करारात काय लिहावं, जीएसटी नंबर घ्यावा का, आणि उधारी कशी आवरावी?

आधी दर, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. बहुतेक जण शेजारचा किती घेतो ते विचारून आकडा ठरवतात आणि तिथेच फसतात. हिशेब तासांवरून करा. महिन्याचे २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०० तास. यातले निम्मे प्रवास, फोन, कोटेशन, बिलं, वसुलीच्या फेऱ्या आणि नवीन गोष्टी शिकण्यात जातात. बिल लावता येतं ते १०० तासांचंच. घरखर्चाला ४५,००० लागतात असं धरा. पेट्रोल, फोन-इंटरनेट, हत्यारांची झीज, सॉफ्टवेअरची लायसन्सं, सीएची फी, पुढच्या लॅपटॉपसाठी बाजूला काढायची रक्कम मिळून १५,००० धरा. वर्षाचे झाले ७,२०,०००. आजारपण, गणपती, दिवाळी, लग्नसराई धरून काम ११ महिनेच होतं, म्हणजे १,१०० तास. भागाकार येतो तासाला साधारण ६५५ रुपये. त्यावर बुडीत आणि करापोटी १५ टक्के चढवले की ७५० होतात. तुमचे आकडे वेगळे असतील, पण रीत हीच.

आता याच दरावर एएमसी बसवा. समजा कारखान्यात १२ मशीन आहेत. महिन्याला एक ठरलेली फेरी अडीच तासांची, रिमोटवरून चार-पाच किरकोळ कामं मिळून दीड तास, आणि सरासरी एक अचानक फेरी दीड तासाची. एकूण साडेपाच तास. प्रवास यात धरायचा नाही, तो आधीच त्या निम्म्या वेळात गेला. साडेपाच गुणिले ७५० म्हणजे महिन्याला ४,१२५, वर्षाला ४९,५००. मशीनमागे वर्षाला ४,१२५ रुपये पडतात.

हा आकडा ऐकला की पार्टी म्हणते, "अहो, तो अमुक मशीनला दीड हजारात करतो." भाव पाडू नका, तास पाडा. दीड हजाराप्रमाणे १२ मशीनचे १८,००० होतात आणि त्यात वर्षाला २४ तास येतात, म्हणजे महिन्याला दोन. तेवढ्याचाच करार द्या: महिन्याला एक फेरी, वरची प्रत्येक फेरी वेगळ्या बिलाने. बऱ्याच अडत्यांना आणि दुकानदारांना हेच परवडतं आणि ते खुशीने घेतात. दोन तासांच्या पैशात साडेपाच तास राबायचं कबूल केलंत, की तिसऱ्या महिन्यापासून तुम्ही त्या पार्टीचा फोन टाळू लागता आणि नाव खराब होतं.

शंभर तासांपैकी साठच एएमसीला द्या. वर सांगितलेल्या आकाराची दहा-अकरा ऑफिसं झाली की नवीन एएमसी घेणं थांबवा किंवा हाताखाली मुलगा ठेवा. उरलेले चाळीस तास नवीन नेटवर्क टाकणं, जुन्या मशीनचा डेटा नव्यावर आणणं, ऑफिस हलवणं अशा कामांना लागतात आणि खरी बरकत त्यातच असते.

कराराचा कागद दोन पानांपेक्षा मोठा नको, नाहीतर कोणी वाचत नाही. मशीनची यादी नंबरनिशी जोडा. प्रत्येक मशीनवर ए-०१, ए-०२ अशी चिठ्ठी डकवा, म्हणजे फोनवर "ते खिडकीजवळचं" असं होत नाही. काय धरलेलं नाही ते काय धरलंय त्याच्यापेक्षा ठळक लिहा: टोनर, यूपीएसची बॅटरी, कीबोर्ड-माउस, केबल, वीज किंवा पाण्याने झालेलं नुकसान, सीसीटीव्ही, बायोमेट्रिक हजेरी, आणि मालकांच्या घरचा लॅपटॉप. शेवटची बाब हसण्यावारी नेऊ नका. चिरंजीवांच्या कॉलेजच्या प्रोजेक्टपायी रविवार जातात ते या एका ओळीअभावी.

एक कलम मात्र शब्दशः असं घाला: "तक्रार आल्यापासून कामाच्या ४ तासांत रिमोटवरून आणि १ दिवसात प्रत्यक्ष येऊन काम सुरू केलं जाईल. दुरुस्ती पूर्ण होण्याची वेळ सुटा भाग मिळण्यावर आणि कंपनीच्या वॉरंटीवर अवलंबून राहील." काम सुरू करणं तुमच्या हातात असतं, संपवणं नसतं. मदरबोर्ड वॉरंटीला गेला आणि पंधरा दिवस आला नाही, तर तो दोष तुमच्या खात्यात पडता कामा नये. आणखी तीन ओळी: भरपाईची कमाल मर्यादा वर्षाच्या एएमसीच्या रकमेएवढी, दोन्ही बाजूंना ३० दिवसांच्या सूचनेने करार संपवता येईल, विनापरवाना सॉफ्टवेअर टाकून दिलं जाणार नाही. या तिसऱ्या ओळीवरून घासाघीस होते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी मध्ये चोरीची प्रत जाणूनबुजून कॉम्प्युटरवर वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख दंड आहे, एवढं शांतपणे सांगायचं. व्यावहारिक कारण याहून जवळचं आहे. क्रॅकच्या, म्हणजे लायसन्स चुकवणाऱ्या, फाइलीसाठी अँटिव्हायरस बंद करावा लागतो आणि त्याच फटीतून खंडणी मागणारा व्हायरस आत येतो. मग शिव्या कोणाला बसतात हे सांगायला नको.

नवी पार्टी घेताना पहिल्या फेरीत काहीही दुरुस्त करू नका, फक्त पाहणी करा आणि तिचे पैसे घ्या. दहा-बारा मशीनला तीन-चार तास लागतात. मल्टिमीटरने सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर दिसला तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवायला सांगा. अर्थिंग धड नसलेल्या ऑफिसात एसएमपीएस (मशीनचे पॉवर सप्लाय) का उडतात याचं संशोधन कॉम्प्युटरवाल्याने करायचं नसतं. यूपीएसची बॅटरी कधी बदलली ते विचारा. ६०० व्हीएच्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते. लेझर प्रिंटर यूपीएसवर जोडलेला असेल तर तो काढून थेट बोर्डावर लावायला सांगा, कारण त्याचा हीटर तापताना जो झटका ओढतो तो छोट्या यूपीएसला झेपत नाही. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्क तपासायचा प्रोग्रॅम चालवून प्रत्येक डिस्कची तब्येत बघा. हार्ड डिस्कच्या 'पेंडिंग सेक्टर'चा (नीट वाचता न येणाऱ्या जागांचा) आकडा शून्याच्या वर असला तर त्याच दिवशी लेखी कळवा. डिस्क पुढच्या आठवड्यात गेली तर "आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं" हे वाक्य येणारच असतं.

विंडोज कुठली आहे तेही नोंदवा. विंडोज १०ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चौथ्या-सहाव्या पिढीची जी मशीन आपल्याकडे अजून जोरात चालतात ती अधिकृतपणे बाद आहेत. पळवाटेने ११ टाकता येतं, पण पुढचे मोठे अपडेट अडतात. पार्टीला हे समजावून, लेखी होकार घेतल्याशिवाय त्या फंदात पडू नका. नव्या मशीनमध्ये एक वेगळा काटा आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या विंडोज ११ मध्ये डिस्क पुष्कळदा आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असते. बायोस अपडेट केलं किंवा बोर्ड बदलला की निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते, आणि ते खातं कोणाच्या ईमेलवर उघडलं होतं ते ऑफिसात कोणालाच आठवत नाही. म्हणून नवीन मशीन बसवलं की ती रिकव्हरी की काढून पार्टीच्या फाइलीत छापील लावायची.

याच फेरीत डोमेन (वेबसाइटचं नाव), ईमेलचं ॲडमिन खातं, राउटरचा पासवर्ड, इंटरनेटचा ग्राहक क्रमांक, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सिरियल नंबर आणि तो कोणत्या ईमेलला जोडलाय, हे सगळं लिहून घ्या. डोमेन जुन्या वेबसाइटवाल्याच्या नावावर निघतं हा नेहमीचा अनुभव. ते पार्टीच्या नावावर करून घेणं हे तुमचं पहिलं काम. तुमच्या स्वतःच्या नावावर करून घेऊ नका, ग्राहक बांधून ठेवायचा तो मार्ग नव्हे. पासवर्ड बिटवॉर्डन किंवा कीपास या पासवर्ड जपणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, पार्टीगणिक वेगळे ठेवा. डायरीत किंवा व्हॉट्सॲपवर कधीच नको.

आता बॅकअप. यावर जास्त लिहितो, कारण धंदा बुडतो तो इथेच.

आपल्याकडच्या ऑफिसचा जीव टॅलीच्या डेटा फोल्डरमध्ये असतो, आणि त्याचा बॅकअप घेण्याची सर्वांत प्रचलित पद्धत सर्वांत वाईट आहे. कोणीतरी ते फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या आत ठेवतो. टॅली चालू असताना फाइली सतत बदलत असतात, सिंक करणारा प्रोग्रॅम अर्धवट फाइल उचलतो, दोन प्रती भांडतात आणि एक दिवस कंपनी उघडताना एरर येते. मग 'रिपेअर' चालवावं लागतं आणि त्यात कधी कधी व्हाउचरं जातात. म्हणून डेटा साध्या लोकल फोल्डरमध्येच ठेवा, रात्री सगळ्यांनी टॅली बंद केल्यावर त्याची झिप तारखेच्या नावाने करा, आणि ती झिप बाहेर पाठवा. कंपनी कोणाच्या मशीनवर उघडी राहिली असेल तर प्रत भरवशाची नसते, तेव्हा संध्याकाळी टॅली बंद करायची शिस्त अकाउंटंटला लावावीच लागते.

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक ऑफिसबाहेर हा जुना नियम इथे सहज बसतो. एक प्रत मूळ मशीनवर, एक क्लाउडवर झिपच्या रूपात, आणि १ टीबीच्या दोन बाहेरच्या डिस्क. शनिवारी डिस्कांची अदलाबदल करायची, एक मालकांच्या घरी जाते. जी डिस्क कायम मशीनला जोडलेली असते ती व्हायरसच्या तावडीत आलेलीच समजा. नॅस (नेटवर्कवरची साठवणुकीची पेटी) असेल तर ते मशीनकडून प्रत ओढून घेईल असं बसवा. मशीनला नॅसवर लिहायचा हक्क दिलात की व्हायरसलाही तो मिळतो. दोन डिस्कवर रेड आहे (दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिलं जातं) म्हणून बॅकअप नको असं कोणी म्हणालं तर विचारा की चुकून पुसलेली फाइल दुसऱ्या डिस्कवरून कशी आणणार. तिथूनही ती त्याच क्षणी पुसली गेलेली असते.

महिन्याच्या फेरीत एक काम चुकवायचं नाही: कालची झिप दुसऱ्या मशीनवर उघडा, कंपनी लोड करा, शेवटच्या व्हाउचरची तारीख आणि ट्रायल बॅलन्स मूळ डेटाशी ताडून बघा, आणि फेरीच्या अहवालात तसं लिहून अकाउंटंटची सही घ्या. दहा मिनिटं लागतात. झिप रोज तयार होत होती, पण जुन्या वर्षाच्याच फोल्डरची, असा प्रकार एप्रिलनंतर हमखास सापडतो.

खंडणीचा व्हायरस आत येण्याचा सर्वांत मोठा दरवाजा म्हणजे "साहेबांना घरून टॅली बघायचीय" म्हणून राउटरवर उघडलेला रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ नंबरचा पोर्ट. नंबर बदलून ठेवणं म्हणजे दार उघडं टाकून पाटी काढून ठेवणं. इंटरनेटवर यंत्रं अखंड पोर्ट चाचपत असतात, त्यांना दुसरा नंबर सापडायला वेळ लागत नाही. तो पोर्ट बंदच करा आणि वायरगार्ड किंवा टेलस्केलसारख्या व्हीपीएनमधून (खाजगी, सुरक्षित जोडणीतून) आत जाऊ द्या. हल्ला झालाच, तर सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार कंपन्या-संस्थांनी तो कळल्यापासून ६ तासांत कळवायचा असतो. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा. हे दोन आकडे प्रत्येक पार्टीच्या फाइलीच्या पहिल्या पानावर असू द्या.

रिमोटसाठी तुम्ही स्वतः एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरची फुकट आवृत्ती वापरत असाल तर ती खाजगी वापरापुरतीच आहे. धंद्यात वापरलीत की अधूनमधून जोडणी तुटते आणि नियमभंगही होतो. लायसन्स घ्या किंवा रस्टडेस्क हा तसाच प्रोग्रॅम स्वतःच्या सर्व्हरवर बसवा.

वळवाच्या पावसाबद्दल थोडं. एप्रिल-मे मध्ये विजा सुरू झाल्या की शेडवरून शेडवर टाकलेल्या तांब्याच्या लॅन केबली स्विच मारतात. पॉवरला सर्ज प्रोटेक्टर असतो, पण झटका केबलमधून येतो आणि स्विचचे दोन-तीन पोर्ट आणि त्यांना जोडलेल्या मशीनचे बोर्ड घेऊन जातो. कारखान्यात ऑफिस आणि गोडाऊन वेगळ्या इमारतींत असेल तर मधला तुकडा फायबरचा करा, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारी डबी) लावा. काचेतून वीज वाहत नाही, आणि कॅट-६ची १०० मीटरची मर्यादाही सुटते. खर्च एकदाच होतो, आणि दर मे महिन्यातली तुमची धावपळ वाचते.

कामाचं कॅलेंडर कराच्या तारखांवर आखा. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), २० ला ३बी (कर भरण्याचं विवरण), ३१ जुलैला आयकराचं रिटर्न, सप्टेंबरअखेर ऑडिट. या तारखांच्या आधीच्या तीन दिवसांत सीए ऑफिसात विंडोज अपडेट, ब्राउझर बदल, अँटिव्हायरस बदल काहीही करायचं नाही. डिजिटल सहीचं टोकन आणि एमसाइनर (पोर्टलवर ती सही करून देणारा प्रोग्रॅम) हे जोडपं मुळात नाजूक असतं. टोकनचा ड्रायव्हर, एमसाइनरची आवृत्ती आणि ब्राउझर यांचा चालू मेळ एकदा जमला की त्याची नोंद करून ठेवा, आणि १९ तारखेच्या रात्री फोन आला तर आधी एमसाइनर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू आहे का ते बघा. निम्मे फोन तिथेच मिटतात.

सुट्या भागांचा मोठा साठा नको. एक ५०० जीबीची एसएसडी, ८ जीबीची डीडीआर-४ रॅम, ४५० वॉटचा एसएमपीएस, आठ पोर्टचा गिगाबिट स्विच, यूएसबी लॅन ॲडाप्टर, सीआर-२०३२ चे चार सेल, साटा आणि एनव्हीएमई दोन्हींचे यूएसबी कन्व्हर्टर, क्रिंपिंगचं हत्यार आणि टेस्टर, व्हेंटॉय टाकलेला पेनड्राइव्ह (ज्यावरून मशीन सुरू करून विंडोज टाकता येते). एवढ्यावर दहातली आठ कामं त्याच फेरीत निघतात.

हार्डवेअर विकावं का? माझं मत, शक्यतो नाही. मार्जिन दोन-चार टक्के, पार्टीची उधारी दोन महिने, आणि डिस्ट्रिब्यूटरला रोख. लॅपटॉप निवडून द्या, पार्टीने थेट स्वतःच्या नावावर विकत घ्यावा, जीएसटीचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) आणि वॉरंटी तिच्याकडे राहू दे, आणि तुम्ही निवड, जोडणी आणि डेटा आणण्याचे तास लावा. आणून द्यावाच लागला तर पूर्ण पैसे आधी.

नोंदणीचं म्हणाल तर सुरुवातीला फार काही नाही. कामगार मोजकेच असतील तर महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने-आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना द्यावी लागते, व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० भरावे लागतात, आणि उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणी फुकट आहे. जीएसटी सेवांना वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सक्तीचा नाही. वस्तूंची ४० लाखांची मर्यादा तुम्हाला लागू होत नाही, कारण तुम्ही सेवाही देता, आणि हार्डवेअरची विक्री या २० लाखांत मोजली जाते. दवाखाना आणि जीएसटी नंबर नसलेला छोटा दुकानदार क्रेडिट घेऊ शकत नाहीत, त्यांना तुमचा १८ टक्के जीएसटी निव्वळ महाग पडतो. ग्राहक जास्त करून कारखाने आणि कंपन्या असतील तर मात्र नंबर लवकर घेतलेला बरा. टीडीएसवर (बिलातून आधीच कापल्या जाणाऱ्या आयकरावर) लक्ष ठेवा: एएमसी कंत्राट म्हणून धरली तर तुम्हाला १ टक्का, तांत्रिक सेवा धरली तर २, व्यावसायिक सेवा धरली तर थेट १० कापतात. कराराचं शीर्षक आणि बिलावरचं वर्णन एकसारखं ठेवा, पार्टीच्या अकाउंटंटशी आधीच बोला, आणि कापलेली रक्कम आयकर पोर्टलवरच्या तुमच्या कर-पत्रकात (२६एएस) दिसते का ते दर तिमाहीला बघा.

वसुलीत उद्यम नंबरच उपयोगी पडतो. तो बिलावर छापा. २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. पार्टीला खरं टोचतं ते वेगळं: २०२३-२४ पासून, मुदत उलटून राहिलेलं बिल पैसे दिल्याशिवाय पार्टीला आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी थकबाकीचा तक्ता मालकांना पाठवा आणि त्यांच्या सीएलाही त्याची प्रत द्या. ही तरतूद सेवा आणि उत्पादनाला आहे, व्यापाऱ्याला नाही, त्यामुळे सेवेचं आणि हार्डवेअरचं बिल कधीही एकत्र करू नका. एएमसी तिमाहीच्या सुरुवातीला आगाऊ घ्या. पैसे न येता तिमाही उलटून १५ दिवस झाले की ठरलेली फेरी थांबवा, पण बॅकअप चालू ठेवा.

प्रत्येक फोनची नोंद एका साध्या शीटमध्ये: तारीख, कोणाचा फोन, मशीन नंबर, काय तक्रार, काय केलं, किती मिनिटं. तिमाहीअखेर ती बिलासोबत जाते. "तुम्ही येताच कुठे?" असं विचारणाऱ्या मालकांना त्यात ३७ नोंदी दिसल्या की नूतनीकरणाची चर्चा पाच मिनिटांत आटोपते.

राहिला एकटेपणाचा प्रश्न: तुम्ही आजारी पडलात तर? याच पट्ट्यातल्या दुसऱ्या एखाद्या भरवशाच्या माणसाशी अदलाबदलीचा लेखी समझोता करा. तो तुमच्या पार्टीकडे जाईल त्या तासाचा दर आधी ठरलेला, बिल तुमच्याच नावाने, आणि वर्षभर एकमेकांच्या पार्ट्या घ्यायच्या नाहीत अशी अट. प्रत्येक पार्टीचे पासवर्ड आणि नेटवर्कचा आराखडा सीलबंद पाकिटात त्या पार्टीच्याच तिजोरीत ठेवा आणि पाकिटावर तारीख घाला. राउटर किंवा ॲडमिनचा पासवर्ड बदलला की त्याच दिवशी पाकीट बदला.